राखणदाराच्या पोटाला ऊन

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. दाभणवाडीच्या धुऱ्यांची दोन घरं ती पायरी चाळीस वर्षं चढत-उतरत होती, आणि त्यांच्यात शहाणी माणसं नव्हती असं मात्र कुणी म्हणू शकत नव्हतं. वाद सोळा गुंठ्यांचा होता. डोंगरउताराची ती पट्टी अर्धी कातळाची आणि अर्धी करवंदाच्या जाळीची. तिच्यात नाचणीसुद्धा धड पिकली नसती. पण त्या पट्टीत झरा होता, आणि तो मे महिन्यातही आटत नसे. झऱ्याच्या जरा वरच्या अंगाला हद्दीचा दगड होता, पांढऱ्या गारेचा, म्हणजे गारगोटीचा, गुडघाभर उंच. दगडाच्या खालची जमीन थोरल्या घराची, वरची धाकट्या घराची. म्हणजे झरा थोरल्या घराचा.

धाकट्या घराचं म्हणणं असं, की हा दगड मुळात झऱ्याच्या खाली होता. एका पावसाळ्यात दरड कोसळली, उतार पुन्हा बांधावा लागला, आणि त्या गडबडीत थोरल्या घरच्या आबांनी दगड गुपचूप वर नेऊन बसवला. आबा म्हणाले, दगड होता तिथेच आहे. त्यांचा धाकटा भाऊ नाना म्हणाला, मग कोर्टात भेटू. ते दोघे एकमेकांना कोर्टात भेटत भेटतच म्हातारे झाले आणि गेले. दावा तेवढा वारसाहक्काने खाली आला. धाकट्या घरात तो नानांचा मुलगा दिगंबर याच्याकडे, थोरल्या घरात आबांचा मुलगा वसंत याच्याकडे. चार वर्षांपूर्वी वसंतही गेला, तेव्हा तो त्याच्या बायकोच्या, वैजयंतीच्या पदरात पडला.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण इथे फारच तोकडी पडायची. वकिलांची फी, मोजणीची फी, नकलांची फी, तारखेला जायचं भाडं, तारीख पुढे गेली की परतीचं भाडं. वैजयंतीचा काजू फोडायचा छोटा कारखाना होता. त्याची यंत्रं एकेक करून विकली गेली आणि आता त्या पत्र्याच्या शेडमध्ये कोंबड्या अंडी घालत. दिगंबरचा टेम्पो गेला, मग वरच्या अंगाची हापूसची कलमं गेली. त्या पैशात दोन्ही घरांना दोन-दोन विहिरी खणता आल्या असत्या, हे दोन्ही घरांना कळत होतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि धुऱ्यांचा पीळ जरा जास्तच घट्ट होता.

अशात तालुक्याला उजेडघड्याळ आलं.

त्या यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं, ते कुणी घेत नसे. गारगोटी सगळ्यांना ठाऊक असते. दोन गारगोट्या घासल्या की ठिणगी पडते हे कोकणातलं पोरही जाणतं. शास्त्रज्ञांना तिच्यातली आणखी एक गंमत बऱ्याच वर्षांपासून माहीत होती. जमिनीत, मातीत, खडकात फार सौम्य किरणोत्सर्ग सतत चालू असतो. त्याच्या धक्क्याने गारेच्या स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे उडतात आणि स्फटिकाच्या बारीक दोषांमध्ये अडकून बसतात. अंधारात ते तसेच साठत राहतात. ऊन लागलं की मात्र काही मिनिटांत सगळे सुटतात. पागोळीखाली घागर ठेवावी आणि ती थेंबाथेंबाने भरत जावी, तसं हे. आणि ऊन म्हणजे ती घागर उपडी करणारा हात. दगडाची मातीत गाडलेली बाजू अंधारात तपासली, तिच्यावर विशिष्ट रंगाचा प्रकाश टाकला, की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना अगदी मंद चमकतात. चमक जितकी जास्त, तितकी वर्षं त्या बाजूने सूर्य पाहिलेला नाही. पूर्वी याला मोठी प्रयोगशाळा लागे आणि उत्तर शेकडो वर्षांच्या फरकाने येई. नव्या यंत्राने ते काम एका गाडीत बसवलं आणि फरक वर्षा-दीडवर्षावर आणला.

हद्दीचा दगड शेवटचा कधी हलला हे सांगणारं यंत्र म्हटल्यावर जमिनीच्या दाव्यांचं काय झालं असेल, ते सांगायला नको. अर्ध्या तालुक्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्यामागोमाग खर्चाचा कायदा आला. सत्य स्वस्तात कळत असताना खोटं लढवणाऱ्याला चाप हवा, म्हणून. यंत्राचा शेवटचा अहवाल उघडेपर्यंत तडजोड करायला मुभा. मग ज्याचा खर्च त्याच्याकडे. अहवाल उघडला, की ज्याच्या विरुद्ध जाईल त्याने दोन्ही बाजूंचा, दाव्याच्या पहिल्या दिवसापासूनचा सगळा खर्च द्यायचा. लोक भराभर दावे मागे घेऊ लागले. तालुक्यातल्या दोन वकिलांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या आणि एकाने भजनी मंडळ काढलं. ज्यांची खात्री होती तेवढेच पुढे गेले.

वैजयंतीची खात्री होती असं नाही. आबा तसे सरळ होते, पण जमिनीच्या बाबतीत सरळ माणूस धुऱ्यांत शोधावाच लागला असता. तिला फक्त एक माहीत होतं. वसंतने आयुष्यभर 'दगड-चोराचा मुलगा' हे ऐकलं होतं. बाजारात, देवळात, एकदा तर स्वतःच्या मुलीच्या लग्नात. शेवटच्या आजारात त्याने पाण्याचं नाव काढलं नाही की जमिनीचं. आबांनी तसं केलं असेल का गो, एवढंच तो विचारत राहिला. आता त्याचं उत्तर देणारं यंत्र आलं होतं आणि तिने अर्ज केला.

तिचे वकील नेरूरकर भला माणूस. त्यांनी परोपरीने समजावलं की बाई, निम्मी पट्टी सोडा, तडजोड करा, हरलात तर राहतं घर आणि बाग दोन्ही खर्चात जातील. मुलगी केतकी पुण्याहून रोज फोन करून तेच सांगे. वैजयंती दोघांचं शांतपणे ऐकून घेई. एकदाच ती केतकीला म्हणाली, "माका पानी नको, जमीन नको. माका कळाक व्हया." त्यावर मुलीने फोन ठेवला आणि आठवडाभर केला नाही.

पहिली तपासणी दगडाची झाली; तो न उचलताच, अंधारात बाजूने खणून पोटाची कपची घेतली. अहवाल आला तो कुणालाच झेपला नाही. दगडाच्या पोटाने शेवटचं ऊन पाहिलं होतं ते अकरा वर्षांपूर्वी.

चाळीस नाही आणि शेकडोही नाही. धाकट्या घराच्या म्हणण्याशी ते जुळेना आणि थोरल्या घराच्याही जुळेना. पण दिगंबरचा वकील तरुण होता, चलाख होता. त्याने आठवड्याच्या आत दावा दुरुस्त करायचा अर्ज दिला: दगड हलवला खराच, पण आबांनी नव्हे, अकरा वर्षांपूर्वी वसंतने हलवला. मेलेला माणूस काय बोलणार? आता पुढच्या तारखेला दिगंबरने तसं शपथेवर सांगायचं, म्हणजे झालं.

नेरूरकरांनी हे वैजयंतीला आपल्या ऑफिसात बसवून सांगितलं आणि पंखा जोरात केला, कारण बाई घामाघूम झाल्या होत्या. त्यांना वाटलं, ती खचली. ती खचली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी काय झालं होतं ते तिला तिथे बसल्या बसल्या आठवलं होतं.

तो दगड नुसता हद्दीचा नव्हता. तो धुऱ्यांचा राखणदार होता, जागेची राखण करणारा देव. देवदिवाळीच्या पहाटे, उजाडायच्या आत, त्याला जागेवरून उचलायचा, झऱ्याच्या पाण्याने आंघोळ घालायची आणि सूर्य वर यायच्या आधी परत खड्ड्यात बसवायचा, अशी पिढ्यानपिढ्यांची रीत होती. राखणदाराच्या पोटाला ऊन दिसलं तर तो जागा सोडतो, अशी समजूत. बायकांनी हात लावायचा नाही, ही दुसरी समजूत. आणि दगड एकट्याने उचलण्यासारखा नव्हता, त्याला दोन पुरुष लागत. म्हणून भांडण पेटल्यावरही, कोर्टात एकमेकांचे वाभाडे काढत असतानाही, दर देवदिवाळीला दोन्ही घरांतून एकेक पुरुष चिमणी घेऊन झऱ्यावर जाई. दोघे एक शब्द न बोलता राखणदाराला उचलत, न्हाऊ घालत, ठेवत आणि दोन वाटांनी घरी येत. आधी आबा आणि नाना, मग वसंत आणि दिगंबर. ज्या दगडावरून भांडण, त्याचीच आंघोळ भांडणाऱ्यांनी मिळून घालायची, यात दोन्ही घरांना काही विचित्र वाटलं नव्हतं. वसंत गेल्यापासून मात्र ती रीत बंद होती.

अकरा वर्षांपूर्वी नेमकी देवदिवाळीला जिल्ह्याच्या कोर्टात तारीख लागली. पहिली गाडी अंधारातच सुटायची. वसंत आणि दिगंबर त्याच गाडीने गेले, एक पुढे बसला आणि एक मागे. तारीख पुढे ढकलली गेली आणि दोघे दुपारी परत आले. आंघोळ तर त्याच दिवशी व्हायला हवी. भर उन्हात दोघांनी राखणदाराला उचललं. त्या संध्याकाळी वसंत जेवला नाही. अंगणात बसून म्हणाला, आज त्याच्या पोटाक ऊन लागला. वैजयंतीने तेव्हा त्याला वेड्यात काढलं होतं.

म्हणजे कोर्टाच्या तारखेनेच कोर्टाचा पुरावा खाल्ला होता. नेरूरकरांनी हे सगळं ऐकून कपाळाला हात लावला. नवऱ्याने सांगितलेलं बायकोने सांगायचं, याला कोर्टात कितीसं वजन? बघणारा दुसरा माणूस एकच होता, आणि दावा तर त्याचाच होता. खरं सांगण्यात त्याचं घर जात होतं.

"मग खालची माती तपासा," वैजयंती म्हणाली.

त्याचा खर्च वेगळा होता आणि तो मागणाऱ्याने भरायचा होता. तिने घर गहाण टाकलं. त्याच दिवशी तिने नेरूरकरांचाही निरोप घेतला. त्यांच्या पुढच्या तारखांचे पैसे आता तिच्याकडे नव्हते, आणि जे विचारायचं होतं ते तिला स्वतःच विचारायचं होतं.

तपासणीला डॉ. निलोफर काझी आल्या, उजेडघड्याळाच्या प्रमुख. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. झऱ्यावर त्यांनी आधी वैजयंतीला शेजारी बसवून घेतलं आणि काय करणार ते समजावलं. दगडाने ऊन पाहिलं तरी खालच्या मातीतल्या वरच्या चिमूटभर गारेतलाच साठा पुसला जातो. हातभर खोल गेलं की जुनी माती शाबूत असते. दगड पूर्वापार इथेच असेल, तर ती माती हजारो वर्षांचा अंधार दाखवील. दरडीनंतर आबांनी भर घालून त्यावर दगड बसवला असेल, तर ती सगळी माती फावड्याने उलटी-पालटी झालेली, उन्हात पडलेली असणार. मग ती चाळीस वर्षं दाखवील. काम संपूर्ण काळ्या तंबूत व्हायचं, फक्त लाल दिव्याच्या उजेडात, कारण तांबड्या प्रकाशाला गार दाद देत नाही.

दिगंबर विरुद्ध पक्ष म्हणून हजर होता. साठी ओलांडलेला, उंच, खांद्यात वाकलेला. कातळावर पाय दुमडून बसला होता आणि वैजयंतीकडे बघत नव्हता.

तंबू उभा राहिला, पण दगड उचलायची लोखंडी घोडी त्या उतारावर काही उभी राहीना. दोनदा घसरली. डॉक्टरांच्या बरोबर एकच तंत्रज्ञ होता आणि त्याला मातीचा नमुना घ्यायची नळी ठोकण्यासाठी हात मोकळे हवे होते. वैजयंतीने पदर खोचला आणि ती तंबूत शिरली. बाहेर जमलेल्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, बायकांनी राखणदाराला शिवू नये. तिने ऐकलं आणि ती दगडाच्या एका बाजूला बसली. एकटीने तो जागचा हलणार नव्हता, हे तिला ठाऊक होतं. ती नुसती हात लावून बसून राहिली.

थोड्या वेळाने तंबूचा पडदा हलला आणि दिगंबर आत आला. लाल उजेडात त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता. तो समोर बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "वयनी, डावीकडसून धरा. थय खोबण आसा. वसंत थयसूनच धरी."

तिने डावीकडून धरलं. बोटं खरोखर एका खोबणीत जाऊन बसली. दोघांनी दगड उचलला. तिने आयुष्यात राखणदाराचं वजन पहिल्यांदा अंगावर घेतलं आणि तिला वसंतची इतकी आठवण आली की क्षणभर काही दिसेना. तंत्रज्ञाने काळी पोलादी नळी खड्ड्यात ठोकली, फिरवून बाहेर काढली, दोन्ही टोकांना झाकणं लावून सील केली. मग दोघांनी दगड परत बसवला. या सगळ्यात तेवढंच काय ते बोलणं झालं. पण तंबूतून बाहेर पडताना दिगंबरचा चेहरा उतरलेला होता, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

तारखेला कोर्ट भरलेलं होतं. धुऱ्यांचा दावा निकालाला आला म्हणजे बघण्यासारखी गोष्ट, म्हणून अर्धी दाभणवाडी आली होती. न्यायाधीश बाई तरुण होत्या; हा दावा त्यांच्यापेक्षा वयाने मोठा होता. नळी त्यांच्या टेबलावर ठेवलेली होती. मातीची मोजणी कोर्टासमोरच, बाहेर उभ्या असलेल्या गाडीत व्हायची होती. त्याआधी दोन्ही बाजूंच्या शपथा.

दिगंबर पिंजऱ्यात उभा राहिला, शपथ घेतली. त्याच्या वकिलाने दुरुस्त केलेला दावा वाचून दाखवला आणि हे खरं का, म्हणून विचारलं. दिगंबर म्हणाला, वाचलात तसाच लिवलेला आसा. वकिलाने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग न्यायाधीश बाईंनी वैजयंतीला उलटतपासणी घ्यायची आहे का ते विचारलं.

ती उठली. दहा-बारा प्रश्न तिने घरी घोकले होते. त्यातला एकही तिने विचारला नाही.

"भावजी, अकरा वर्षांमागच्या देवदिवाळीक राखणदार कोणी उचललो?"

दिगंबरचा वकील उभा राहिला आणि हरकत घेऊ लागला. न्यायाधीश बाईंनी त्याला हाताने खुणावून बसवलं. दिगंबरने मान वर केली. त्याची बायको समोरच्या बाकावर बसली होती. तिने डोळे मिटून घेतले.

"आमी दोघांनी," तो म्हणाला. "मिया आणि वसंतान. आंघोळीक. त्या दिवशी ह्याच दाव्याची तारीख होती, पहाटे जमला नाय. दुपारी ऊन डोक्यार होता."

"आणि परत खंय ठेवलात?"

"होतो थयच."

वकिलाने हातातली फाइल टेबलावर टाकली. न्यायाधीश बाईंनी दिगंबरला सावकाश विचारलं, की आपण काय बोललात त्याचा अर्थ कळतो ना, तुमचा दुरुस्त दावा यात संपला. दिगंबर म्हणाला, कळता बाईसाहेब, उद्या खर्च माझ्यार पडलो तर घर माझा जातला. मग तो वैजयंतीकडे वळला, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांसमोर तिच्याशी बोलला. "वसंतान दगड हलवूक नाय, वयनी. आमच्या बापाशींचा माका म्हायत नाय. पण वसंताबरोबर मी त्या दगडाक हात लावलेलो आसा. खोटा कसा सांगू?"

वैजयंतीला रडू आलं नाही, संताप मात्र आला. हा माणूस एवढं एक वाक्य वसंत जिवंत असताना बोलला असता, तर? ती तो संताप गिळून तशीच उभी राहिली.

न्यायाधीश बाईंनी स्थिती समजावून सांगितली. वसंतवरचा आरोप गेला. आबांवरचा मूळ आरोप अजून शिल्लक आहे आणि त्याचं उत्तर या नळीत आहे. नळी उघडून मोजली की निकाल लागेल, आणि ज्याच्या विरुद्ध लागेल त्याने चाळीस वर्षांचा दोन्ही बाजूंचा खर्च द्यायचा. अजून तडजोडीला वेळ आहे. केली, तर हद्द आज आहे तिथेच राहील आणि ज्याचा खर्च त्याच्याकडे. दिगंबरने आपल्या वकिलाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, वयनी काय म्हणतील ता.

म्हणजे सगळं तिच्यावर आलं. तिने टेबलावरच्या नळीकडे पाहिलं. मनगटाएवढ्या जाडीची काळी नळी. वसंतने शेवटपर्यंत विचारलेला प्रश्न तिच्यात होता. एवढ्यासाठीच तिने कारखान्याची यंत्रं विकली होती, घर गहाण टाकलं होतं, मुलीशी वाकडं घेतलं होतं. उत्तर चांगलं निघालं, तर समोरचं घर उद्ध्वस्त होणार, तेही खरं बोललेल्या माणसाचं. वाईट निघालं, तर तिचं स्वतःचं. आणि काहीही निघालं, तरी ते ऐकायला वसंत नव्हता. ज्याने त्याला चोराचा मुलगा म्हटलं त्यानेच आज शपथेवर त्याचं नाव धुऊन दिलं होतं. आबांचं काय, ते आबा आणि नाना बघून घेतील, जिथे असतील तिथे.

ही माघार नव्हती. उलट हे सगळं प्रकरण तिने आता स्वतःच्या हातात घेतलं होतं.

"नळी उघडायची नाही," ती म्हणाली. "दावा संपवा, बाईसाहेब. माझा खर्च मी सोसेन."

तडजोड लिहून झाली, सह्या झाल्या. नेरूरकर बाकावर बसून सगळं बघत होते, फी न घेता आले होते. ते उगाचच चष्मा पुसत राहिले. बाहेर व्हरांड्यात डॉ. काझींनी नळी तिच्या हातात दिली. पैसे तिने भरले होते, तेव्हा माती तिची. मग डॉक्टर जरा घुटमळल्या आणि म्हणाल्या, "कोर्टाचा आता संबंध नाही. तुम्हाला हवं असेल तर मी मोजून फक्त तुम्हालाच सांगेन. कुणाला कळणार नाही."

वैजयंतीने विचार करायला वेळ मागितला. नळी तिने घरी आणून देवघराच्या फडताळात, अंधारात ठेवली. त्यानंतरचे दिवस तिला सोपे गेले नाहीत, हे सांगायलाच हवं. घराचे हप्ते फेडायला तिने शेड भाड्याने दिली आणि सकाळ-संध्याकाळ दुसऱ्यांच्या काजूगरांची प्रतवारी करायला घेतली. केतकीही थोडे पैसे पाठवू लागली. कामाचं तिला काही वाटलं नाही. पण फडताळ उघडताना दर वेळी हात थबके. एक फोन केला की चाळीस वर्षांचं कोडं सुटणार होतं. दोनदा तिने नंबर लावला आणि पलीकडून उचलायच्या आत ठेवला. तिला एकटीला कळलं, तरी ते लपायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. ते तिच्या नजरेत येईल, दिगंबरला दिसेल, त्याच्या पोरांना दिसेल, आणि तिथून पुन्हा कोर्टाची पायरी लांब नव्हती.

देवदिवाळी आली. पहाटे ती चिमणी आणि नळी घेऊन निघाली. दिगंबर येईल की नाही, तिला खात्री नव्हती. तिने निरोप धाडला नव्हता. झऱ्यावर पोचली तर त्याची चिमणी आधीच कातळावर जळत होती. तिने डावीकडून धरलं, त्याने उजवीकडून. बाईने हात लावला म्हणून राखणदार काही रागावलेला दिसला नाही. त्यांनी त्याला झऱ्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं, फुलं वाहिली आणि उजाडायच्या आत जागेवर बसवलं. दरवर्षीच्या रितीप्रमाणे आता दोघांनी दोन वाटांनी निघून जायचं होतं.

वैजयंती गेली नाही. ती कातळावर बसली, म्हणून मग दिगंबरही बसला. सूर्य समोरच्या डोंगराआडून वर आला आणि ऊन आधी करवंदाच्या जाळीवर, मग कातळावर, मग तिच्या पायांशी आलं. तिने ओटीतून नळी काढली. दिगंबरने ती ओळखली आणि तो ताठ झाला.

तिने सील तोडलं, झाकण फिरवून काढलं आणि सगळी माती उन्हात कातळावर ओतली. तांबूस, ओलसर माती, मधे मधे पांढऱ्या गारेचे कण. तिने ती दोन्ही हातांनी पसरली, वरची खाली, खालची वर केली, जोंधळे वाळत घालावेत तशी. किती वर्षांचा अंधार त्या कणांत साठला होता कोण जाणे. तो उन्हात सुटून गेला, आणि ते दोघे बघत राहिले.

"वयनी," दिगंबर म्हणाला, "आता कधीच कळाचा नाय."

"माका कळाचा होता ता कळला," ती म्हणाली.

माती पुरती सुकेपर्यंत ती बसली. मग तिने ती ओंजळीने गोळा केली, राखणदाराच्या बुडाशी नेऊन घातली आणि पायाने दाबली. हात झऱ्यात धुतले, पदराला पुसले, चिमणी उचलली. दिगंबर अजून तिथेच उभा होता. दोन वाटांपैकी त्याने कुठली घ्यावी ते त्याला सुचत नसावं.

"चाय घेवन जावा," ती म्हणाली. "आणि फुडच्या वर्साक येवा. उजवाडाच्या आदी."